हरणाच्या शिकारीच्या रायफल काडतुसांचा परिणामकारक पल्ला

हरणाच्या शिकारीच्या रायफल काडतुसांचा परिणामकारक पल्ला म्हणजे ज्या कमाल अंतरावरून झाडलेली गोळी हरणाच्या मर्मस्थानी खात्रीने लागते आणि तेथे पोहोचल्यावर त्याला त्वरित मृत्यू आणण्याइतकी समर्थ असते, ते अंतर होय. गोळी हवेतून एकूण जितके अंतर कापू शकते त्याला 'कमाल पल्ला' म्हणतात. कमाल पल्ला काही किलोमीटरांचा असतो. परिणामकारक पल्ला मात्र बहुधा १५० ते ४०० यार्डांच्या दरम्यान भरतो. उत्तर अमेरिका व युरोप येथे हरणांची शिकार कायद्याने नियंत्रित स्वरूपात चालते. तेथील शिकार-शिक्षणात, कायद्यांत आणि शिकारविषयक नीतिचर्चेत या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे. परिणामकारक पल्ल्याबाहेरून झाडलेली गोळी पुष्कळदा हरणाला न मारता जखमी करते आणि असे जनावर रानात तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस तडफडत राहते, हे त्याचे मुख्य कारण होय.

## संज्ञा आणि मापे

मराठीत 'हरीण' हा शब्द सर्व्हिडी कुलातील प्राणी (सांबर, चितळ, भेकर) आणि बोव्हिडी कुलातील काळवीट, चिंकारा या दोहोंसाठी वापरला जातो. या लेखात तो केवळ सर्व्हिडी कुलातील प्राण्यांसाठी योजला आहे. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण व म्यूल हरीण, तसेच युरोपातील रो हरीण व लाल हरीण ही या संदर्भातील प्रमुख जनावरे होत.

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी, आतील निर्धूर दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. बोलीभाषेत संपूर्ण काडतुसालाच 'गोळी' म्हटले जाते. परंतु नळीतून बाहेर पडून लक्ष्यापर्यंत जाते ती फक्त गोळी. रायफलच्या नळीत आतून पीळदार आटे असतात. त्यांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते आणि ती हवेत न कलंडता सरळ जाते.

अमेरिकी व ब्रिटिश परंपरेत अंतर यार्डांत, वेग सेकंदाला फुटांत, गोळीचे वजन ग्रेनमध्ये आणि ऊर्जा फूट-पाऊंडांत देतात. १ यार्ड म्हणजे ०.९१४ मीटर, १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम आणि १ फूट-पाऊंड म्हणजे सुमारे १.३६ जूल. काडतुसांच्या नावांतील .३० किंवा .२४३ असे आकडे गोळीचा किंवा नळीचा व्यास इंचांत दर्शवितात. मात्र ते सर्वत्र काटेकोर नसतात. उदाहरणार्थ, .२७० विंचेस्टर या काडतुसाच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .२७७ इंच असतो, तर '.३०' गटातील बहुतेक काडतुसांच्या गोळीचा व्यास .३०८ इंच असतो.

## पल्ला ठरविणारे घटक

### मर्मक्षेत्र

हरणाची फुप्फुसे व हृदय पुढच्या पायांच्या मागे, छातीच्या पोकळीत असतात. बाजूने पाहिले असता प्रौढ पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे हे मर्मक्षेत्र ८ ते १० इंच व्यासाच्या वर्तुळाएवढे धरले जाते. रो हरणासारख्या लहान जातीत ते यापेक्षा बरेच लहान असते. गोळी या वर्तुळात लागली तर रक्तदाब झपाट्याने घसरून जनावर काही सेकंदांत कोसळते. ती पोटात किंवा पायाला लागली तर जनावर दूरवर पळून जाते आणि मृत्यू येण्यास फार वेळ लागतो. त्यामुळे परिणामकारक पल्ल्याचा पहिला निकष 'गोळी किती जोराने लागते' हा नसून 'गोळी या वर्तुळात लागते काय' हा आहे.

### गोळीची घसरण

नळीतून बाहेर पडताक्षणी गोळीवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम सुरू होतो. आडवी झाडलेली गोळी आणि त्याच उंचीवरून हातातून सोडलेली गोळी या जवळजवळ सारख्याच गतीने खाली येतात; फरक इतकाच की, झाडलेली गोळी दरम्यान शेकडो फूट पुढे गेलेली असते. खाली येण्याचे प्रमाण काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. .३०-०६ काडतुसाच्या १८० ग्रेन गोळीला २०० यार्ड कापण्यास सुमारे ०.२४ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे २९ सेंटिमीटर खाली येते. ३०० यार्डांसाठी सुमारे ०.३८ सेकंद लागतात आणि घसरण ७० सेंटिमीटरांच्या पुढे जाते. अंतर दीडपट झाले, पण घसरण जवळजवळ अडीचपट झाली. ३०० यार्डांपुढे अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला, तरी नेम मर्मक्षेत्राबाहेर जातो, त्याचे कारण हेच.

ही घसरण भरून काढण्यासाठी रायफलची दुर्बीण अशी लावतात की, नळीचे तोंड दृष्टिरेषेच्या तुलनेत किंचित वर राहावे. गोळी प्रथम दृष्टिरेषेच्या वर चढते, ठरावीक अंतरावर तिला पुन्हा छेदते आणि मग खाली जाते. दृष्टिरेषेपासून ३ इंच वर व ३ इंच खाली या पट्ट्यात गोळी ज्या अंतरापर्यंत राहते, तो 'थेट नेमाचा पल्ला' होय. त्या अंतरापर्यंत शिकाऱ्याने मर्मक्षेत्राच्या मध्यावर नेम धरला की पुरते. वेगळे गणित करावे लागत नाही. हा पल्ला .३०-३० काडतुसासाठी सुमारे २०० यार्ड, .३०-०६ साठी सुमारे २७० यार्ड आणि .२७० साठी सुमारे ३०० यार्ड येतो.

### हवेचा अवरोध आणि वारा

हवेच्या अवरोधामुळे गोळीचा वेग सतत कमी होत जातो. लांब, टोकदार व मागे निमुळती गोळी हवेला सहज भेदते; आखूड व चपट्या टोकाची गोळी लवकर मंदावते. या गुणाच्या मापाला बॅलिस्टिक कोएफिशिएंट म्हणतात. तो जितका मोठा तितका वेग अधिक काळ टिकतो.

आडव्या वाऱ्याने गोळी बाजूला सरकते. हे सरकणे गोळीच्या एकूण उड्डाणकाळावर नव्हे, तर हवेच्या अवरोधामुळे तिला झालेल्या विलंबावर अवलंबून असते. ताशी १० मैल वेगाच्या आडव्या वाऱ्यात .३०-०६ काडतुसाची १८० ग्रेन गोळी ३०० यार्डांवर सुमारे ९ इंच सरकते. .३०-३० काडतुसाची चपट्या टोकाची गोळी मात्र २०० यार्डांवरच सुमारे ८ इंच सरकते. नेम मर्मक्षेत्राच्या मध्यावर असला, तर ८ ते १० इंचांच्या वर्तुळात कडेपर्यंत केवळ ४ ते ५ इंचांची मोकळीक उरते. म्हणजे एवढा वारा दुर्लक्षिला तर दोन्ही गोळ्या वर्तुळाबाहेर जातील. अंतर यंत्राने अचूक मोजता येते. परंतु झाडाझुडपांतून, दऱ्यांतून वळणे घेत वाहणारा वारा शिकाऱ्याला अंदाजानेच जोखावा लागतो.

### ऊर्जा

गोळीची गतिज ऊर्जा वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. वेग निम्मा झाला तर ऊर्जा चौथाईवर येते. अमेरिकेत 'हरणासाठी आघाताच्या वेळी किमान १,००० फूट-पाऊंड, एल्कसाठी १,५०० फूट-पाऊंड' हा दंडक दीर्घकाळ रूढ आहे. १,००० फूट-पाऊंड म्हणजे सुमारे १,३५६ जूल.

हा दंडक सोयीचा असला, तरी तो निसर्गनियम नव्हे. ऊर्जा हा आकडा जखम कोठे व कशी होते याविषयी काहीच सांगत नाही. मर्मक्षेत्राबाहेर लागलेली ३,००० फूट-पाऊंडांची गोळी निरुपयोगी ठरते आणि फुप्फुसांतून गेलेली ९०० फूट-पाऊंडांची गोळी आपले काम करते. म्हणून जाणकार हा दंडक 'याच्या पुढे जाऊ नये' अशी सावधगिरीची खूण म्हणून वापरतात. 'इथपर्यंत खुशाल झाडावी' असा परवाना म्हणून नव्हे.

### गोळीचे फुलणे

शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर पुढच्या बाजूने छत्रीसारखी उमलते, तिचा व्यास जवळपास दुप्पट होतो आणि त्यामुळे जखम रुंद होते. असे फुलण्यासाठी आघाताच्या वेळी पुरेसा वेग लागतो. बहुतेक पारंपरिक टोकदार गोळ्यांसाठी तो सेकंदाला सुमारे १,८०० फूट धरला जातो. त्याहून कमी वेगाने लागलेली गोळी न फुलता अरुंद छिद्र पाडून आरपार जाण्याचा संभव असतो. तेव्हा रक्तस्राव हळू होतो, माग काढण्यासारखे रक्तही पडत नाही आणि जनावर हाती लागत नाही. कमी वेगाच्या काडतुसांसाठी मुद्दाम मऊ टोकाच्या गोळ्या बनवितात, त्या याहून कमी वेगातही फुलतात.

### उड्डाणकाळ

.२७० काडतुसाची १३० ग्रेन गोळी ४०० यार्डांवर पोहोचण्यास सुमारे अर्धा सेकंद घेते. चालते हरीण एवढ्या वेळात अर्ध्या मीटरहून अधिक पुढे सरकते. शिकाऱ्याने घोडा दाबला तेव्हा छातीवर असलेला नेम गोळी पोहोचेपर्यंत पोटावर येतो. बंदुकीच्या किंवा नेमबाजाच्या कोणत्याही गुणाने ही अडचण दूर होत नाही. कारण जनावर पुढच्या क्षणी काय करील हे कोणालाच ठाऊक नसते.

## प्रमुख काडतुसे

.३०-३० विंचेस्टर (१८९५) : निर्धूर दारूसाठी रचलेले हे अमेरिकेतील पहिले शिकारी काडतूस. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या विंचेस्टर मॉडेल १८९४ या रायफलसाठी ते बाजारात आले. नावातील पहिले '३०' व्यासाचे आणि दुसरे '३०' मूळच्या दारूच्या ग्रेनमधील वजनाचे निदर्शक आहे. या रायफलमध्ये काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक रचली जातात; त्यामुळे एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. टोकदार गोळी असल्यास धक्क्याने टोपी उडण्याचा धोका असतो. म्हणून गोळी चपट्या टोकाची करावी लागली आणि तिचा पल्ला तेथेच आखडला. पुढे लवचीक बहुलकाचे टोक असलेल्या गोळ्या निघाल्या आणि ही अडचण काही अंशी दूर झाली. परिणामकारक पल्ला १५० ते २०० यार्ड मानला जातो. घनदाट जंगलात, जेथे १०० यार्डांपलीकडे दिसतच नाही, तेथे हे काडतूस सव्वाशे वर्षांनंतरही पुरेसे ठरते.

.३०-०६ स्प्रिंगफील्ड (१९०६) : अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेले काडतूस; नावातील '०६' हे त्या वर्षाचेच दर्शक. दोन्ही महायुद्धांत ते वापरले गेले आणि युद्धाहून परतलेल्या सैनिकांबरोबर शिकारीच्या रानातही रुळले. १५० ते १८० ग्रेनच्या गोळ्यांसह परिणामकारक पल्ला सर्वसाधारणतः ३०० ते ४०० यार्ड सांगितला जातो.

.२७० विंचेस्टर (१९२५) : .३०-०६ च्या आधीच्या .३०-०३ या लष्करी काडतुसाच्या पुंगळीची मान बारीक करून ते तयार केले गेले. १३० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३,०६० फूट वेगाने निघते, त्यामुळे तिचा मार्ग बराच सपाट असतो. 'आउटडोअर लाइफ' या नियतकालिकातून जॅक ओ'कॉनर यांनी अनेक वर्षे या काडतुसाचा पुरस्कार केला. डोंगराळ व मोकळ्या प्रदेशांत ते विशेष प्रिय आहे. पल्ला ३५० ते ४०० यार्ड.

.३०८ विंचेस्टर (१९५२) : याचे लष्करी भावंड ७.६२×५१ मिलिमीटर या नावाने नाटो राष्ट्रांनी स्वीकारले. .३०-०६ पेक्षा पुंगळी आखूड असूनही दोहोंच्या कामगिरीत थोडाच फरक पडतो. पल्ला सुमारे ३०० ते ३५० यार्ड.

.२४३ विंचेस्टर (१९५५) : .३०८ ची मान बारीक करून बनविलेले काडतूस. त्याचा खांद्याला बसणारा धक्का सौम्य असल्यामुळे नवशिक्यांना ते दिले जाते. ८० ते १०० ग्रेनची गोळी हलकी असल्याने तिची ऊर्जा लवकर ओसरते; म्हणून पल्ला २५० ते ३०० यार्डांपुढे धरत नाहीत.

७ मिमी-०८ रेमिंग्टन (१९८०) : हेही .३०८ च्या पुंगळीवरून बनविलेले. साधारण १४० ग्रेनच्या गोळीसह सौम्य धक्का आणि सपाट मार्ग यांचा मेळ त्यात साधला आहे. पल्ला ३०० ते ३५० यार्ड.

६.५ क्रीडमूर (२००७) : हॉर्नडी या अमेरिकी कंपनीने प्रथम नेमबाजी स्पर्धांसाठी काढलेले काडतूस. लाँग आयलंडवर १८७३ मध्ये सुरू झालेल्या क्रीडमूर नेमबाजी मैदानावरून त्यास हे नाव मिळाले. नळीच्या तोंडाशी याचा वेग फार मोठा नाही; पण गोळी लांब व सडपातळ असल्याने वेग टिकतो आणि वाऱ्याने ती कमी सरकते. पल्ला ३५० ते ४०० यार्ड.

७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) : यांत दारूचे प्रमाण जास्त असते आणि ऊर्जा ३,००० फूट-पाऊंडांच्या पुढे जाते. त्यांचा जोर हरणासाठी आवश्यक त्याहून अधिक असतो. एल्कसारख्या मोठ्या जनावरांसाठी ती अधिक उचित समजली जातात. धक्का मोठा असल्याने अनेक नेमबाज घोडा दाबताना नकळत अंग आकसतात आणि त्यामुळे नेम चुकतो. अशा वेळी कागदावर वाढलेला पल्ला प्रत्यक्षात घटतो.

## तुलनात्मक तक्ता

खालील आकडे कारखान्यात भरलेल्या पारंपरिक मऊ टोकाच्या गोळ्यांचे असून ते स्थूलमानाचे आहेत. नळीची लांबी, हवेचे तापमान व समुद्रसपाटीपासूनची उंची यांनुसार ते बदलतात. प्रत्येक स्तंभात प्रथम वेग (फूट प्रतिसेकंद) आणि नंतर ऊर्जा (फूट-पाऊंड) दिली आहे.

| काडतूस व गोळी | नळीच्या तोंडाशी | २०० यार्ड | ३०० यार्ड |
|---|---|---|---|
| .३०-३०, १७० ग्रेन | २,२०० / १,८३० | १,६२० / ९९० | १,३८० / ७२० |
| .२४३, १०० ग्रेन | २,९६० / १,९५० | २,४५० / १,३३० | २,२२० / १,०९० |
| .३०८, १५० ग्रेन | २,८२० / २,६५० | २,२६० / १,७१० | २,०१० / १,३४० |
| .२७०, १३० ग्रेन | ३,०६० / २,७०० | २,५१० / १,८२० | २,२६० / १,४७० |
| .३०-०६, १८० ग्रेन | २,७०० / २,९१० | २,२५० / २,०२० | २,०४० / १,६७० |

तक्त्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, .३०-३० आणि .२४३ यांची ऊर्जा नळीच्या तोंडाशी जवळजवळ सारखी आहे. परंतु ३०० यार्डांवर दुसऱ्याची ऊर्जा पहिल्याच्या दीडपट उरते. हा केवळ गोळीच्या वेगाचा व आकाराचा परिणाम होय. दुसरी, वेगवेगळे निकष वेगवेगळा पल्ला देतात. .३०-०६ च्या १८० ग्रेन गोळीत १,००० फूट-पाऊंड ऊर्जा सुमारे ५४० यार्डांपर्यंत शिल्लक असते. पण तिचा वेग सुमारे ४२५ यार्डांवरच १,८०० फुटांखाली उतरतो आणि थेट नेमाचा पल्ला तर सुमारे २७० यार्डांवर संपतो. परिणामकारक पल्ला काढताना या सर्वांपैकी सर्वांत लहान अंतर धरावे, हा नियम आहे.

## शिकाऱ्याचा पल्ला

वरील सर्व आकडे काडतुसाचे आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मर्यादा काडतुसाची नसून शिकाऱ्याची असते. मैदानावर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून १०० यार्डांवर दीड इंचाच्या वर्तुळात गोळ्या मारणारा नेमबाज रानात गुडघ्यावर बसून, धापा टाकत, थंडीने बोटे आखडलेली असताना तेवढी अचूकता राखू शकत नाही. त्याच्या गोळ्या १०० यार्डांवर ४ इंचांत पसरत असतील, तर २०० यार्डांवर त्या ८ इंचांत पसरतील, म्हणजे संपूर्ण मर्मक्षेत्र व्यापतील. हाती .३०० मॅग्नम असली, तरी अशा शिकाऱ्याचा त्या आसनातील पल्ला २०० यार्डच ठरतो.

त्यामुळे शिकार-शिक्षणात सोपी चाचणी सुचविली जाते : ८ इंच व्यासाच्या थाळीवर, रानात ज्या आसनातून झाडणार त्याच आसनातून गोळ्या झाडाव्यात आणि अंतर हळूहळू वाढवीत न्यावे. ज्या अंतरापर्यंत प्रत्येक गोळी थाळीवर लागते, ते अंतर म्हणजे त्या व्यक्तीचा पल्ला. दहापैकी आठ गोळ्या लागणे येथे उत्तीर्ण होणे नव्हे. कारण उरलेल्या दोन गोळ्या म्हणजे दोन जखमी जनावरे होत.

## कायदेशीर निकष

अनेक देशांच्या कायद्यांनी परिणामकारकतेचा विचार आकड्यांत बांधला आहे.

* इंग्लंड व वेल्स : १९९१ च्या हरीण कायद्यानुसार सर्वसाधारणपणे .२४० इंचांपेक्षा कमी व्यासाची किंवा नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाऊंडांपेक्षा कमी ऊर्जा देणारी रायफल हरणासाठी वापरता येत नाही. गोळीही फुलणारी असावी लागते.
* स्कॉटलंड : रो हरणासाठी किमान ५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २,४५० फूट वेग व १,००० फूट-पाऊंड ऊर्जा असे निकष आहेत. मोठ्या हरणांसाठी ते अधिक कडक आहेत.
* जर्मनी : येथे ऊर्जा नळीच्या तोंडाशी न मोजता १०० मीटरांवर मोजतात. रो हरणासाठी तेथे किमान १,००० जूल आणि लाल हरणासारख्या इतर खुरधारी जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास व २,००० जूल आवश्यक आहेत. इंग्लंडमध्ये सर्व हरणांसाठी चालणारे .२४३ काडतूस त्यामुळे जर्मनीत लाल हरणासाठी चालत नाही. त्याच्या गोळीचा व्यास सुमारे ६.२ मिलिमीटर भरतो.
* अमेरिका : नियम राज्यागणिक भिन्न आहेत. मध्यपश्चिमेतील सपाट व दाट वस्तीच्या काही राज्यांत दूर जाणाऱ्या रायफल काडतुसांवर दीर्घकाळ बंदी होती आणि शिकार छर्‍यांच्या बंदुकीतील एकसंध गोळीनेच करावी लागे. ओहायो राज्याने २०१४ मध्ये सरळ पुंगळीच्या काडतुसांना परवानगी दिली. अशा राज्यांतील शिकाऱ्यांसाठीच २०१९ मध्ये .३५० लीजंड हे काडतूस आले. येथे आखूड पल्ला हा दोष नसून हेतू आहे.

## शिशाच्या जागी तांबे

शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण मांसात पसरतात. शिकाऱ्यांनी रानात टाकलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांना व गरुडांना त्यामुळे विषबाधा होते. अस्तंगत होऊ लागलेल्या कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाच्या मृत्यूंमागे हे एक प्रमुख कारण असल्याचे आढळले. कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून वन्यजिवांच्या सर्व शिकारीत शिसेरहित गोळ्या सक्तीच्या केल्या.

पल्ल्याच्या दृष्टीने या बदलाला महत्त्व आहे. तांबे शिशापेक्षा हलके व कठीण आहे. तेवढ्याच लांबीची तांब्याची गोळी वजनाने कमी भरते आणि तिला फुलण्यासाठी बहुधा अधिक वेग लागतो. परिणामी, त्याच रायफलमधून तांब्याची गोळी वापरणाऱ्याने आपला पल्ला काहीसा कमी धरावा लागतो. उलट, ही गोळी तुकडे न होता एकसंध राहते आणि खोलवर जाते, हा तिचा गुण होय.

## दूर पल्ल्याविषयीचा वाद

लेझरने अंतर मोजणारी उपकरणे, घसरणीचे गणित करणारी संगणकीय साधने आणि शक्तिशाली दुर्बिणी सुलभ झाल्यापासून ६०० ते १,००० यार्डांवरून जनावरे मारण्याचा प्रघात अमेरिकेत काही वर्तुळांत वाढला. समर्थकांच्या मते सराव व साधने असतील तर अंतर गौण आहे. विरोधकांचे आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला व्यावहारिक : वाऱ्याचा अंदाज व जनावराची हालचाल या दोन्ही गोष्टी कोणत्याही उपकरणाच्या आटोक्यात नाहीत, शिवाय एवढ्या अंतरावरून गोळी लागली की नाही हे कळणे आणि जखमी जनावराचा माग नेमका कोठून काढावा हे ठरविणे अवघड असते. दुसरा नैतिक : जनावराला चाहूल लागण्याची व निसटण्याची संधीच उरत नसेल, तर तिला शिकार म्हणता येणार नाही. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने न्याय्य शिकारीची जी संकल्पना रुजविली, तिच्या आधारे ही भूमिका मांडली जाते.

माग काढण्याच्या प्रश्नाला जर्मन शिकार-परंपरेत विशेष महत्त्व आहे. जखमी जनावर शोधण्यासाठी हॅनोव्हरियन हाउंडसारख्या कुत्र्यांच्या जाती तेथे मुद्दाम जोपासल्या गेल्या. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा शेवट शोधून काढणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य समजले जाते.

## सुरक्षितता

परिणामकारक पल्ला संपला म्हणजे गोळी निरुपद्रवी झाली, असा समज धोकादायक आहे. .३०-०६ सारख्या काडतुसाची गोळी वरच्या कोनात झाडल्यास चार किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते आणि तेथेही माणसाचा जीव घेऊ शकते. त्यामुळे जनावराच्या मागे मातीचा उतार किंवा टेकडी असल्याखेरीज गोळी झाडू नये, हा शिकार-शिक्षणातील मूलभूत नियम आहे. टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडणे निषिद्ध मानतात.

## भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या परवानाधारक शिकारीला वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो संपुष्टात आणला. त्यामुळे सांबर, चितळ, भेकर यांची, तसेच काळवीट व चिंकारा यांची शिकार हा गुन्हा असून, प्रस्तुत विषयाचे भारतातील महत्त्व इतिहास, भौतिकशास्त्र व न्यायवैद्यक तपास यांपुरते आहे.

ब्रिटिश काळात भारतात शिकारीसाठी युरोपीय काडतुसे प्रचलित होती. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी या काडतुसाची होती. हे काडतूस म्हणजे ७×५७ मिलिमीटर मॉझरचेच ब्रिटिश नाव. स्वातंत्र्योत्तर काळात लष्करी व्यासाची शस्त्रे नागरिकांना निषिद्ध असल्याने भारतीय आयुध निर्माणींनी बनविलेली .३१५ ही रायफल परवानाधारकांमध्ये रूढ झाली.